मंदीत एकाच गाडीवर घर चालवायचंय? आधी फेरीचा हिशोब शिका

कळंबोलीला गाडी लावून तिसरा दिवस असतो, सकाळी दलालाचा फोन येतो, "शेठ, जालन्याला न्यायचं स्क्रॅप आहे, टनाला आठशेनं जायचंय, पटकन बोला." मागच्या आठवड्यात हेच हजारानं गेलेलं असतं. आता हो म्हणायचं का अजून एक दिवस थांबायचं? आपल्यातले बहुतेक जण इथे अंदाजाने ठरवतात, मीपण बरीच वर्षं तेच केलं, कधी चिडून नाही म्हणायचो, कधी कंटाळून हो म्हणायचो, आणि महिन्याच्या शेवटी हप्ता कशातून भरायचा हे कळायचं नाही.

माझी एक दहा टायर आहे, सेकंड हँड घेतलेली, ड्रायव्हर मीच. जालन्यातून सळई भरायची, पुणे नाहीतर मुंबई, येताना तळोजा-न्हावा शेवा साईडचं स्क्रॅप मिळालं तर जालन्याच्या भट्ट्यांसाठी आणायचं. खाली लिहिलंय ते एक-दोन गाड्या असलेल्या आणि स्वतः चालवणाऱ्या माणसासाठी आहे. वीस गाड्यावाल्या शेठचं गणित वेगळं असतं, त्याच्या दोन उभ्या राहिल्या तर अठरा कमावतात.

आधी तीन आकडे काढा

वही घ्या, मोबाईलमध्ये नको, वहीच घ्या. पहिला आकडा म्हणजे उभ्या गाडीचा रोजचा खर्च. गाडी एक किलोमीटरपण हलली नाही तरी जो लागतोच तो. माझा असा आहे: हप्ता ४२,०००. इन्शुरन्स वर्षाला ७५,००० धरला (यात माझ्या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीच ४३,९५० होता, वर स्वतःच्या गाडीचं कव्हर आणि जीएसटी) म्हणजे महिन्याला ६,२५०. नॅशनल परमिट वर्षाला १६,५००, त्यात टॅक्स, पासिंग, पीयूसी असं सगळं मिळून महिन्याला ३,५००. पार्किंग, फोन, किरकोळ १,५००. आणि घरखर्च २५,०००, हा बरेच जण धरतच नाहीत, म्हणतात मी स्वतः चालवतो मला पगार कशाला, अरे मग घरात खातं कोण? एकूण झाले ७८,२५०, भागिले ३०, म्हणजे दिवसाला साधारण २,६०० रुपये.

दुसरा आकडा भरलेल्या गाडीचा किलोमीटरचा खर्च. डिझेल ९० धरू, भरलेली गाडी ४ चं ॲव्हरेज देते म्हणजे साडेबावीस रुपये. दहा टायरचे दोन लाख, ८० हजार किलोमीटरला वाटले तर अडीच रुपये. ऑइल, ग्रीसिंग, लाईनर, क्लच, कमानीचे पाटे हे धरून अजून अडीच. झाले साडेसत्तावीस. टोल वेगळा. तिसरा आकडा रिकाम्या गाडीचा, ॲव्हरेज साडेपाच मिळतं म्हणून २१ रुपये ४० पैसे. बघा, रिकामी गाडीपण भरलेलीच्या पाऊण पटीहून जास्त खाते, लोकांना वाटतं रिकामी म्हणजे फुकट.

तुमचे आकडे वेगळे येतील, बीएस सिक्स (नव्या प्रदूषण नियमाची गाडी) असेल तर धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाचा खर्च पण धरा, पण काढा नक्की.

आता फेरी मोजा

जालना ते कळंबोली धरू ४०० किलोमीटर. सळई १३०० रुपये टनाने १८ टन, म्हणजे २३,४०० जातानाचे. जाताना-येताना टोल ५,०००, वारई-हमाली-चहापाणी-पार्किंग एका बाजूला १,५००.

समजा उतरवलं आणि रिकामे परत आलो, तीन दिवसांत घरी. जाताना ११,००० चा खर्च, येताना ८,५६०, टोल ५,०००, किरकोळ १,५००, एकूण २६,०६०. भाडं २३,४००. म्हणजे खिशातून २,६६० घातले आणि वर तीन दिवस गेले. ही फेरी मारण्यापेक्षा घरी झोपलो असतो तर फायद्यात राहिलो असतो. "चाक फिरलं पाहिजे" असं जे जुने ड्रायव्हर सांगतात ते चांगल्या बाजाराचं खरं आहे, मंदीत चाक तोट्यातपण फिरतं.

आता येताना स्क्रॅप मिळालं. खर्च होतो ३०,००० (दोन्ही बाजूचे अकरा-अकरा हजार, टोल पाच, किरकोळ तीन). स्क्रॅप हजाराने १८ टन म्हणजे १८,०००, एकूण भाडं ४१,४००, उरले ११,४००. फेरी पाच दिवसांत झाली तर दिवसाला २,२८०. पण हजाराच्या नादात अजून दोन दिवस थांबलो आणि फेरी सात दिवसांची झाली तर तेच ११,४०० दिवसाला १,६२८ वर येतात. आणि जर आठशेचं लगेच घेतलं, चार दिवसांत फेरी संपवली, तर उरतात ७,८०० म्हणजे दिवसाला १,९५०.

म्हणजे वरच्या फोनचं उत्तर काय? एक दिवस थांबून हजार मिळायची खात्री असेल तर थांबा, तीन दिवस लागणार असतील तर आठशेचं उचला. भाव कमी आहे का जास्त हे विचारू नका, फेरी संपल्यावर दिवसाला किती उरतंय ते विचारा.

आता कोणी म्हणेल, पण १,९५० तर २,६०० पेक्षा कमीच आहेत, तोटाच झाला ना. हो, झाला, पण उभी गाडी पूर्ण २,६०० चा तोटा देते, ही फेरी फक्त ६५० चा. मंदीत बरेच महिने असेच जातात, तोटा कमी ठेवायचा आणि चांगल्या तीन-चार महिन्यांत भरून काढायचं. ज्या फेरीत डिझेल, टोल, टायर, मेंटेनन्स वजा जाता काहीच उरत नाही किंवा खिशातून जातंय ती मात्र घ्यायची नाही, दलाल कितीही गोड बोलला तरी. आणि टायर-मेंटेनन्सचे पाच रुपये हिशोबातून गाळून "डिझेल-टोल निघतंय ना" म्हणायचं हे तर अजिबात नको, ते पैसे सहा महिन्यांनी एकदम मागतात, दोन लाखाचे टायर एका दिवशी.

मंदी सगळ्याच मालाला एकदम नसते

ही गोष्ट मला उशिरा कळली. जून ते ऑगस्ट बांधकाम थंड असतं, सळई, सिमेंट, खडी सगळं पडतं, आणि मी दर पावसाळ्यात त्याच सळईच्या लाईनमध्ये उभा राहून नशिबाला शिव्या द्यायचो. त्याच दिवसांत लासलगाव-पिंपळगावला चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर पडत असतो, तो दक्षिणेत आणि उत्तरेत जातो, मे ते जुलै रेल्वेच्या रेक पॉइंटवरून (मालगाडी रिकामी होते ती जागा) खताच्या गाड्या तालुक्याला जातात, ऑगस्टपासून भिवंडीच्या गोडाऊनमधून गणपती-दिवाळीचा माल सुटायला लागतो. ऑक्टोबरात सोयाबीन, मग साखर कारखान्यांचा गळीत हंगाम मार्चपर्यंत, हिवाळ्यापासून विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगच्या कापसाच्या गाठी. मार्च एंडला कंपन्या गोडाऊन रिकामं करायला माल ढकलतात तेव्हा भाव चढतो, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तोच आपटतो.

लाईन बदलायची तर तयारी लागते. कांद्याला हवा लागते, ताडपत्री कच्चून बांधली तर माल घाम धरतो आणि बाजारात पोचल्यावर अडत्या भाड्यातून कापतो. खताला गाडीचा तळ कोरडा पाहिजे, आदल्या फेरीचं स्क्रॅपचं तेल लागलेलं चालत नाही, आणि स्क्रॅपचा एखादा टोकदार तुकडा फळीत राहिला तर गोण्या फाटतात, म्हणून मी स्क्रॅप उतरवलं की अर्धा तास झाडू आणि लोहचुंबक घेऊन फाळका साफ करतो, लोक हसतात, हसू देत. गाठी हलक्या असतात पण उंच रचतात, दोर चांगले पाहिजेत आणि आगीची भीती असते, गाडीत बिडी ओढणारा क्लीनर असेल तर हे काम घेऊ नका.

दरवर्षी थोडी मंदी असते ती वेगळी आणि २०१९ सारखी येते ती वेगळी. जुलै २०१८ ला सरकारने ॲक्सल लोड वाढवला, म्हणजे दहा टायरचं पासिंग (गाडी आणि माल मिळून चालणारं वजन) २५ टनावरून साडेअठ्ठावीस टनावर गेलं, आपण सगळे खुश, पण तेवढ्याच मालाला गाड्या कमी लागायला लागल्या आणि भाव खाली आले. त्या वर्षी ज्यांनी खुशीत दुसरी गाडी काढली त्यातल्या बऱ्याच जणांची पहिलीपण गेली.

परतीचं भाडं घरून निघायच्या आधी

उतरवल्यावर फोन सुरू केले तर दलालाला आवाजावरूनच कळतं की तुम्ही अडकलेले आहात. भरायला लावलं तेव्हाच समोरच्या गावातल्या तीन-चार ऑफिसांना फोन करा, "परवा सकाळी दहाला रिकामा होतोय, दहा टायर, १८ टन, जालना-संभाजीनगर-नगर कुठलंही चालेल." सरळ घरचंच पाहिजे असा हट्ट नको, अर्ध्या वाटेपर्यंतचं मिळालं आणि तिथून पुढे दुसरं, तरी दिवसाचा हिशोब बघून घ्या. ॲपवर पण टाका, ब्लॅकबक वगैरेवर लोड दिसतात, पण तिथला भाव मी फक्त बाजार कळायला बघतो, तोच आकडा दाखवून ओळखीच्या दलालाशी बोलतो.

शक्य असेल तर दोन पार्ट्या सरळ पकडा, मधल्या दलालाशिवाय. छोटे कारखानदार, बियाणं कंपन्या, हार्डवेअरवाले, ज्यांना महिन्याला चार-पाचच गाड्या लागतात, त्यांना मोठा ट्रान्सपोर्टर भाव देत नाही. मला माझी एक पार्टी अशी मिळाली की त्यांचा माल भिजला होता, मी पोचल्यावर लगेच फोटो काढून मालकाला पाठवला आणि उतरवायच्या आधी सांगितलं. दुसरा असता तर पोचपावती घेऊन पळाला असता. तेव्हापासून त्यांची गाडी आधी मला विचारून जाते.

पैसे अडकले तर सगळंच अडकलं

एका दलालाकडे माझी तीन फेऱ्यांची बाकी होती, ४१ हजार. "पुढच्या फेरीला सगळं क्लिअर करतो" असं म्हणत त्याने चौथी फेरीपण भरवली. गेलो तर शटर खाली, बोर्डपण काढलेला, शेजारचा चहावाला म्हणाला तुम्ही आजचे सहावे. तेव्हापासून माझे नियम आहेत. नवीन माणूस असेल तर ८० ते ९० टक्के ॲडव्हान्स गाडी भरल्यावर, गेट सोडायच्या आधी, आणि बाकी पोच दिल्यावर, पोचपावतीचा फोटो उतरवल्या जागीच व्हॉट्सॲपवर. एकाच माणसाकडे एका फेरीपेक्षा जास्त बाकी नाही, पहिली मिळाल्याशिवाय दुसरी भरत नाही. ओळखीचा असो नाहीतर नात्यातला.

गाडी खोटी झाली, म्हणजे भरायला-उतरवायला अडकून पडली, तर हॉल्टिंगचे (थांबण्याचे) किती, हे भरायच्या आधी बोला आणि बिल्टीवर (मालाच्या वाहतुकीच्या पावतीवर) लिहून घ्या. मी पहिले २४ तास सोडतो, पुढे दिवसाला १,५०० ते २,०००. पुरावा नसेल तर कोणी देत नाही, म्हणून गेटवर पोचलो की सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकायला लावतो आणि पानाचा फोटो काढतो, आत गेल्यावर वजनकाट्याच्या पावतीवर पण वेळ असतेच.

उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. त्याने काय होतं, तर कंपनीने तुमचे पैसे लेखी करारात ठरल्याप्रमाणे पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च त्यांना आयकरात दाखवता येत नाही, हे लागू झाल्यापासून त्यांचा अकाउंटंट मार्चच्या आधी स्वतः फोन करतो. नाहीच दिले तर छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पळून गेलेल्या दलालावर याचा काही उपयोग नाही हेही सांगतो, हे ऑफिस आणि जीएसटी नंबर असलेल्या पार्टीसाठी.

टीडीएस कापतात तो पण थांबवता येतो. दहा किंवा कमी गाड्या असतील तर तसं लिहून पॅनकार्डाची झेरॉक्स जोडून द्या, मग एक टक्कापण कापत नाहीत. रिटर्न भरताना छोट्या गाडीवाल्यांसाठी जी ४४एई म्हणून सोय ओळखली जाते त्यात १२ टनावरच्या गाडीला महिन्याला टनामागे हजार रुपये उत्पन्न धरतात, म्हणजे २८ टनाच्या गाडीला वर्षाला ३,३६,०००. गंमत म्हणजे गाडी उभी असली तरी तो महिना मोजला जातो. तरी भरा, पुढे कर्ज पाहिजे असेल तर तीन वर्षांचे रिटर्न पहिले मागतात.

डिझेलमधून किती वाचतं

भाषण नको, एक उदाहरण. ४ चं ॲव्हरेज ४.४ केलं तर ४०० किलोमीटरला १०० लिटरच्या जागी ९१ लिटर लागतं, म्हणजे एका बाजूला आठशे रुपये. महिन्याला दहा बाजू झाल्या तर आठ हजार. ते कशाने येतं, तर ७० च्या जागी ५५ ने चालवून, हवा दर दोन दिवसांनी गेजने बघून (लाथ मारून नाही), एअर फिल्टर वेळेत, आणि लाईनमध्ये उभं असताना इंजिन बंद ठेवून. खंबाटकीला नाहीतर कसाऱ्याला मागचा हॉर्न वाजवत असतो म्हणून गिअर न पाडता दाबत नेलं की त्या पाच किलोमीटरमध्ये जे जातं ते पुढच्या पन्नासमध्ये भरून येत नाही.

टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, दुकानदाराकडून पक्कं बिल घेऊन बघा खरंच कमी लावलाय का. मागे रिमोल्ड (जुन्यावर नवीन रबर चढवलेला टायर) चालतो, पुढच्या दोन चाकांना कधीच नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावरून २४ तासांत परत आलात तर येण्या-जाण्याचा मिळून दीडपटच टोल लागतो, आणि एकाच नाक्यावरून रोज जात असाल तर ५० फेऱ्यांचा महिन्याचा पास दोन तृतीयांशात पडतो. जवळच्या एमआयडीसी फेऱ्या करणाऱ्याला हे मोठं आहे, लांबवाल्याला नाही.

ओव्हरलोड

मंदीत सगळ्यात आधी हेच सुचतं, चार टन जास्त भरू, भाव कमी आहे तर वजनाने भरून काढू. चार टन गुणिले १३०० म्हणजे ५,२०० जास्त. पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००, म्हणजे २८,०००, वर जास्तीचा माल तिथेच उतरवायचा. सहा फेऱ्यांत एकदा पकडलं तरी मागच्या पाच वाया गेल्या, पाटा तुटला, टायर फुटला, अपघातात क्लेमला वाद झाला ते वेगळंच. आणि आपण सगळे जास्त भरायला लागलो तर गाड्या अजून कमी लागतात, भाव अजून पडतो, २०१८ नंतर हेच बघितलं ना.

ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदतपण बघत जा, २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बंद पडली आणि मुदत संपत आली तर लगेच ट्रान्सपोर्टरला फोन करून वाढवून घ्यायला लावा, संपायच्या आधीचे आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवता येतं. नंतर पकडलं तर दंड मालवाल्याचा असला तरी अडकून गाडी तुमची पडते, आणि तिचे दिवसाचे २,६०० चालूच असतात.

हप्ता

हप्ता चुकणार हे साधारण वीस दिवस आधी कळतं आपल्याला, मनात कळतं, पण आपण फोन उचलायचं बंद करतो. उलटं करा. बाउन्स व्हायच्या आधी शाखेत जा, वही घेऊन जा, तीन महिने अर्धा हप्ता आणि मुदत वाढवून द्या असं लेखी अर्ज करून मागा, अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि मग शाखेतल्या साहेबाच्या हातात काही राहत नाही, त्याच्या आधी असतं. हप्ता भरायला खासगी सावकाराकडून उचल घेऊ नका, दुसऱ्या कर्जाचा टॉप-अप पण नको. थर्ड पार्टी इन्शुरन्स मात्र कितीही तंगी असली तरी सोडायचा नाही, आणि बँकेतला २० रुपयांचा सुरक्षा विमा घेऊन ठेवा, वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचं अपघाती कव्हर आहे.

गाडी उभीच आहे तर

पासिंग, ब्रेकचं काम, पाटे, ताडपत्री शिवणं, हे सगळं जुलैत उरकून घ्या. सीझनला गॅरेजमध्ये गेलेला एक दिवस महाग पडतो, जुलैतला स्वस्त. मी पासिंगची तारीख पण सरकवून पावसाळ्यात आणली आहे.

आणि वहीत तीन महिने लागोपाठ दिवसाचा आकडा हजाराच्या खाली असेल तर वेगळा विचार करा. गाडी एखाद्या कंपनीत महिन्याच्या ठराविक भाड्यावर लावता येते का बघा, पैसे कमी पण ठरलेले. नाहीतर हप्ते थकायच्या आधी विका, चालू हप्त्याच्या गाडीला गिऱ्हाईक भाव देतं, ओढून नेलेल्या गाडीला नाही. विकताना फायनान्सवाल्याकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या, त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही. आरसी समोरच्याच्या नावावर होईपर्यंत अपघात झाला तर नोटीस तुम्हालाच येते, म्हणून नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी सोडू नका, आणि चावी देतानाच काचेवरचा फास्टॅग खरवडून बंद करा, माझ्या मेव्हण्याने केला नाही तर दोन महिने त्याच्या खात्यातून दुसऱ्याचा टोल जात होता.